हिरवळीवरचा फोटो

"अजून वाक जरा," मंगल लेकीच्या कानाशी पुटपुटली आणि वर साडीची निरी सारखी केल्याचं निमित्त करून तिला एक चिमटाही काढला.

इंद्रायणीनं साडीच्या आत गुडघे आणखी दुमडले. आळेफाट्याच्या हॉटेलमागच्या हिरवळीवर फोटो चालला होता. शेजारी स्वराज, तिला बघायला आलेला मुलगा, छाती काढून उभा. समोर बहिरूमामा. हे मंगलचे चुलतभाऊ आणि या स्थळाचे मध्यस्थ. मोबाईल हातात आला की त्यांना घाई म्हणून नसायची. कधी ऊन आडवं यायचं, कधी त्यांचं स्वतःचंच बोट. इंद्रायणीच्या मांड्या थरथरायला लागल्या, तरी चेहऱ्यावरचं हसू तिनं हलू दिलं नाही.

पाच फूट आठ इंच ही काही कुणाची चूक नव्हे. पण मंगलच्या घरात ती चूकच होऊन बसली होती. पोरांना मुली मिळत नाहीत म्हणून सगळा तालुका रडतो, आणि उंच मुलगी दिसली की तीच पोरं चहा पिऊन गुपचूप निघून जातात. एका मुलाची आई तर दारातच म्हणाली होती, "हार घालायला आमच्या पोरानं स्टूल आनायचं का?" त्या दिवसापासून मंगलनं मनाशी ठरवलं होतं की पुढच्या स्थळाला मुलगी उभी दाखवायचीच नाही. म्हणूनच आज मायलेकी आधी येऊन खुर्चीत बसून राहिल्या होत्या. फोटोचं खूळ मामांनी ऐन वेळी काढलं.

वाकता वाकता इंद्रायणीची नजर खाली गेली आणि स्वराजच्या पायांवर थांबली. बास्केटबॉलवाले घालतात तसले घोट्याच्या वरपर्यंत येणारे पांढरे बूट. तळ चांगला जाड. ती कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेली, बूट तिला कळत होते. दोन इंच तरी वाढवत असणार हे. मग तिच्या लक्षात आलं, मुलाकडच्यांनी घरी यायचं टाळून हॉटेलचा हट्ट का धरला ते. घरी आला असता तर बूट दारातच काढावे लागले असते.

तिला त्याचं हसू आलं नाही. उलट ऊर भरून आला. आजवर जो तो तिला कमी व्हायला सांगत आला होता. तिच्यासाठी स्वतः थोडं उंच व्हायला निघालेला हा पहिलाच. कोणी न सांगता तिनं गुडघे आणखी वाकवले.

फोटो एकदाचा झाला. ती लगेच जवळच्या खुर्चीत बसली. मोठी माणसं चहाच्या निमित्तानं आत गेली आणि दोघं समोरासमोर राहिली.

"लॅबमधली नोकरी सोडू नका," स्वराज म्हणाला. "नारायनगावला मी पिकअप घिऊन रोज जातोच. जाता-येता सोडत जाईन तुमाला."

लग्न ठरलंच आहे असं तो बोलला आणि स्वतःच लाजला. तो तिला आवडला. फार आवडला. लॅबमधून परत येताना आपण त्याच्या शेजारी बसलोय, असं चित्रही तिनं तेवढ्यात रंगवून घेतलं.

"एक इचारू का?" तो बुटांकडे बघत म्हणाला. "मामा तर म्हनले व्हते, पोरगी लई उंच हाय. किती हाय उंची?"

खरं सांगितलं तर हा बिचारा त्या बुटांसकट कानकोंडा होईल, असं तिला वाटलं.

"पाच-दोन," ती हसून म्हणाली. "मामांना समदंच मोठं दिसतं."

"असं व्हय," तो म्हणाला. मग उगाच वाकून नाडी आवळत बसला. त्याचा जीव भांड्यात पडला असणार, असं तिनं धरलं.

मंडळी गाडीत बसून गेली तेव्हा कुठे ती उभी राहिली. पाय पार भरून आले होते, पण घरी जाताना ती एसटीत स्वतःशीच हसत होती.

निरोप आला नाही. पंधरवड्यानं बहिरूमामाच आले, ते तणतणत.

"पार खोटं पाडलं मला तुमी! उंच पोरगी दावतो म्हनून मी त्यांना घिऊन आलो, आन् हिनं त्याला पाच-दोन सांगितली!"

"मंग त्यात काय बिघडलं, दादा?" मंगलनं विचारलं.

"काय बिघडलं? अगं, त्याला उंचच बायको पायजे व्हती. पोलीस भरतीत दरसाली उंचीवरच बाद झालाय त्यो. म्हनतो, माझं ऱ्हायलं, पोरं तरी मापात बसू द्या."

मंगलनं स्वतःचा मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "मंग आत्ताच्या आत्ता फोन लावा त्याला. सांगा खरं काय ते."

"आता कशाचा फोन? काल सुपारी फुटली त्याची. मंचरची पोरगी. आपल्या इंदूएवढीच उंच हाय."

इंद्रायणी भिंतीला टेकून उभी होती.

"मंग मामा," तिनं विचारलं, "तसले बूट कशापायी घातले व्हते त्यांनी?"

"अगं, उंच पोरी त्याला बघताच नाय म्हनायच्या," मामा आवाज उतरवून म्हणाले. "तू तसं म्हनू नये म्हनून."