हात न लावता

“बाबा, मोठं कुणी बरोबर नसताना आम्ही मैत्रिणींनी नदीकाठचा अख्खा रस्ता सायकलवर केला, तर तुम्ही ओरडाल का?”

विचारलं एकदाचं! मैत्रिणींनी पैजच लावली होती. भिंगरी शाळेत वाघ असते आणि घरी तिची मांजर होते म्हणे! म्हणून तिने संध्याकाळी आई-बाबा दोघंही समोर असताना एका दमात विचारून टाकलं आणि मग स्वतःच घाबरून बशीकडे बघत बसली.

बाबांच्या कपातला चहा तसाच गार होत होता. त्यांनी आईकडे पाहिलं. “ओरडणार नाही,” ते म्हणाले, “परीक्षा घेईन.”

परीक्षा अशी, की रविवारी भिंगरी पुढे आणि बाबा मागे. वाटेत काहीही बिघडो, बाबा हात लावणार नाहीत. पास झाली तर सुट्टीत मैत्रिणींबरोबर मोकळी.

“मी बरोबर नाहीच असं समजायचं.”

“समजले!” भिंगरी म्हणाली. पण परीक्षक कच्चा नव्हता. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. निम्म्या गावाच्या सायकली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. हल्ली ते स्टुलावर बसून कारागिराला नुसत्या सूचना द्यायचे. “शेठ झालात हं बाबा!” असं ती चिडवायची. आणि जेवायचेही उशिरा, आईबरोबर, ती झोपायला गेल्यावर. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय, असं तिने मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी आईने बाबांचं हेल्मेट स्वतः नीट बसवून दिलं आणि ती बसने पुढे गेली. रस्ता संपतो त्या पुलापाशी वाट बघणार होती.

रस्ता नदीला चिकटून जात होता, सपाट आणि मोकळा. पलीकडे मोठा रस्ता झाल्यापासून इकडे एखादी दुधाची गाडी सोडली तर कुणी फिरकत नसे. भिंगरीला वाटलं, सगळं खोरं आपल्याच नावावर केलंय! ती गाणं म्हणत होती, बगळ्यांना हाका मारत होती. मागे बाबा तळहात हँडलवर नुसते टेकवून संथपणे येत होते, फेरफटका मारायला निघालेल्या राजासारखे.

एका उतारावर ते खाली उतरले आणि सायकल अंगाला टेकवून चालू लागले.

“उतारावर कुणी चालतं का? फुकटची मजा असते ती!”

“तू हो पुढे. जपून जा.”

खाली पोचून ती थांबली. आपल्या वेगाचे मार्क कापले असणार, असं तिला वाटलं.

आणि मग मागचं चाक बसलं. पंक्चर!

भिंगरीने सायकल उलटी केली, चाक काढलं. इथवर ठीक. पण टायर काही रिमवरून निघेना. टायर उचकटायची पट्टी घालावी तर ती निसटून बोटांवर बसायची. बाबा शेजारच्या दगडावर हात काखेत खुपसून बसले होते.

“व्हॉल्व्हच्या समोरून सुरू कर.”

“केलं!”

“टायर आधी आत दाबून घे. सगळीकडून.”

“दाबला! निघत नाहीये!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “एकदाच धरा ना बाबा. नुसतं एक टोक. कुणाला कळणारे?”

बाबा उठले. दोन पावलं पुढे आले. तिच्या हाताजवळ वाकले आणि तसेच थांबले.

“नाही,” ते म्हणाले. “तुझं तुलाच यायला हवं.”

एवढा दुष्टपणा! तिला इतका राग आला, की त्या रागातच तिने पट्टी दाबली आणि टायर फटकन सुटला. ट्यूब नदीत बुडवून तिने बुडबुडे शोधले, पॅच लावला, टायर चढवला, हवा भरली. हात काळेकुट्ट झाले होते. बाबा सबंध वेळ तिच्या बोटांकडे बघत होते.

“बिस्किटं?” राग विसरून तिने पुडा पुढे केला.

“तू खा. भूक नाही.”

“मग पाणी तरी?”

“पुलापाशी पिईन.”

परीक्षकाने परीक्षार्थीकडून काही घ्यायचं नसतं वाटतं! तिने खांदे उडवले आणि सगळी बिस्किटं संपवली.

पुलापाशी आई बाकावर बसली होती. त्यांना बघताच उभी राहिली.

“काय मग?”

“पास,” बाबा म्हणाले. “काय सुरेख पंक्चर काढते! सुट्टीत खुशाल जाऊ दे.”

भिंगरीने जागच्या जागी उडीच मारली. मैत्रिणींना कधी एकदा सांगते असं तिला झालं. तिने मागे वळून पाहिलं.

आई बाबांसमोर उभी होती. बाबांनी न सांगताच हनुवटी वर केली आणि आईने त्यांच्या हेल्मेटचा पट्टा सोडवला. बाटलीचं झाकण उघडून ती त्यांच्या ओठांना लावली. बाबा घटाघटा पाणी प्यायले. त्यांचे हात मात्र दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले, बोटं अर्धवट वळलेली, वेळूच्या वाळक्या पानांसारखी. गळ्यावर ओघळलेलं पाणी आईने रुमालाने टिपलं. रोजचंच असावं, तसं.

“मी नापास आहे,” भिंगरी मोठ्याने म्हणाली.

दोघांनी दचकून पाहिलं.

“टायर चढवताना माझी ट्यूब चिमटली होती, बाबांच्या लक्षात नाही आलं. मैत्रिणींना मी येत नाही म्हणून सांगणार आहे. पुढच्या रविवारी परत परीक्षा. त्याच्या पुढच्याही रविवारी. आणि ती बाबांनीच घ्यायची.”