डिसेंबरातला कूलर

जबलपूरच्या सदर भागात, घराच्याच पुढच्या खोलीत यशोधरा समुपदेशन करायची. तिथला कूलर भर डिसेंबरातही बिनपाण्याचा घरघरत असे. बाहेर बसलेल्या नातलगांना आतलं ऐकू जाऊ नये, एवढंच त्याचं काम. आज बाहेर पल्लवीची सासू होती आणि आत पल्लवी शाल लपेटून रडत होती. “नाही म्हणायला शिक. घर तुझंही आहे,” यशोधरा समजावत होती. तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला आणि मधल्या दारामागून यशोधराच्या नवऱ्याचा आवाज आला, “काहून इतका वेळ लावून राहिली? बंद कर तुझं दुकान!” “हो जी, झालंच,” ती चटकन बोलून गेली. असाच दबलेला आवाज तिनं समोरच्या खुर्चीतून कितीदा ऐकला होता. पल्लवीनं शालीच्या टोकानं डोळे पुसले. लाइट आली. पल्लवीनं उठून कूलर फुल केला. “आता तुम्ही बोला, दीदी.”