स्कॉटलंडची पत्रं

“सगळं वाचा हं बाई, मधलं गाळू नका,” मथुराबाई म्हणाल्या आणि मांडीवरची गोधडी बाजूला सारून बसल्या.

शर्मिला उजगरेंनी चष्मा लावला. खडकीतल्या चर्चमागच्या शिवणकेंद्रात सगळ्या मशिनी एकदम थांबल्या. स्कॉटलंडहून पत्र आलं की हे असंच व्हायचं.

केंद्रातल्या बायकांच्या गोधड्या तिकडच्या एका चर्चच्या दुकानात विकल्या जायच्या. मध्ये दलाल नाही. गरीब बाईला तिच्या कष्टाचं रास्त मोल मिळावं, एवढ्यासाठीच ते दुकान होतं. प्रत्येक गोधडीला शिवणारीचं नाव, घरची माणसं, शिक्षण अशी ओळख लिहिलेली चिठ्ठी असायची. दुकान चालवणाऱ्या एल्स्पेथ मॅकरे यांनी सहा वर्षांपूर्वी मथुराबाईंची एक गोधडी स्वतःसाठीच ठेवून घेतली आणि आभाराचं पत्र पाठवलं. तेव्हापासून दर महिन्याला पत्र. पुढे ते टाईप केलेलं येऊ लागलं. हात थरथरतो, असं त्यांनीच कळवलं होतं.

“‘माझ्या प्रिय बहिणी,’” शर्मिलाबाई इंग्रजीचं मराठी करत वाचू लागल्या. “‘दारूगोळा कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला की पोटात खड्डा पडतो, असं तू लिहिलंस. दुकानाला कुलूप लावताना माझंही तसंच होतं. तुझं पत्र आलं की वाटतं, जगात आपलं कुणीतरी आहे.’”

“मी असं लिहिलं होतं?” मथुराबाईंनी विचारलं.

“लिहिलं होतंत.”

नव्हतं. मथुराबाई यवतमाळकडच्या, अक्षरओळख नाही. घरात मुलं-सुना-नातवंडं धरून नऊ माणसं. शर्मिलाबाईंना लिहून घ्यायला त्या सांगायच्या चारच वाक्यं: मी बरी आहे, तुम्ही बऱ्या राहा, पाय दुखतात, लेकरं मजेत. एवढ्याशा मजकुरासाठी परदेशी टपालाचं तिकीट लावणं शर्मिलाबाईंच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी एकदा पदरचं थोडं घातलं. मग सवयच लागली. भोंग्याचं ते वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. बायका घरी गेल्यावर बंद मशिनींमधून उगाच फेऱ्या मारणंही त्यांचंच. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, एकट्या. हे त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

आणि बहीण झाल्या होत्या मथुराबाई.

भाची अपेक्षा नुकतीच हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत लागली होती. ती म्हणाली, “आत्या, ई-मेलच्या जमान्यात पत्रं कोण लिहितं गं?”

“ज्यांना येतात, त्यांच्यासाठी लिहावी लागतात,” शर्मिलाबाई म्हणाल्या.

नोव्हेंबरात पार्सल आलं. आत हाताने विणलेली निळी लोकरीची शाल. मथुराबाई भर दुपारी ती पांघरून बसल्या. घाम निथळत होता, पण काढतील तर शपथ.

“बाई, तुम्हाला काय धाडलं?” शेजारच्या मशिनवरच्या शकूने विचारलं.

“बाईंना कशापायी धाडतील?” मथुराबाई हसत म्हणाल्या. “त्या नुसत्या वाचतात. पोस्टमनला कुणी शाल देते का?”

हशा पिकला. शर्मिलाबाईही हसल्या. मग ऑफिसात गेल्या, दार लावलं आणि कागद ओढला.

‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या मथुराबाई गेल्या. झोपेतच गेल्या. त्रास झाला नाही.’ तेवढी दया त्यांनी केली. खाली स्वतःची सही केली. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

त्यानंतर मथुराबाईंच्या गोधड्यांवर शकूच्या नावाची चिठ्ठी जाऊ लागली. मथुराबाईंना काय वाचता येत होतं!

“बाई, पत्र?”

“नाही.”

पंधरा दिवसांनी पुन्हा. “आजारी तर नसंल ना हो ती?”

“वय झालंय त्यांचं.”

सुरुवातीला त्या उतरलेल्या तोंडाकडे पाहायला शर्मिलाबाईंना बरं वाटायचं. आता कळेल, काहीच न येणं म्हणजे काय ते. पण मग मथुराबाईंचे टाके वाकडे पडू लागले. शर्मिलाबाई त्यांच्या मशिनजवळून जाणं टाळू लागल्या. आणि महिनाअखेर आली, तशी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. भोंगा रोजच्यासारखा झाला होता, पोटात खड्डाही पडला होता. सांगायला मात्र कुणी नव्हतं.

जानेवारीत पाकीट आलं. वर हाताने लिहिलं होतं: मिस शर्मिला उजगरे.

आपलं नाव त्यांनी दोनदा वाचलं. पाकीट पदराआड धरून त्या ऑफिसात गेल्या. अखेर एल्स्पेथबाईंना आपली आठवण झाली तर! मायन्यात ‘बहिणी’ असेल का?

अक्षर ठसठशीत होतं, कुठेही न थरथरलेलं.

‘प्रिय शर्मिला, एल्स्पेथ मॅकरे वारल्या, त्याला चार वर्षं झाली. मी फियोना, दुकानात त्यांच्या हाताखाली गोधड्यांच्या घड्या करून ठेवणारी. त्या गेल्याचं तुम्हाला कळवायचं काम माझ्याकडे होतं, पण त्यांच्या नावाने आलेलं पत्र मी उघडलं, उत्तर दिलं, आणि मग मला थांबता आलं नाही. मथुराबाई गेल्याचं वाचलं आणि मेलेल्या बाईच्या नावाने लिहिण्याची लाज वाटली. रविवारी चर्चमध्ये उभी राहून मी सगळं कबूल केलं. माझं काम गेलं. दुकानावरची खोलीही आज सोडते आहे, त्यामुळे पत्ता देऊ शकत नाही. पण एक सांगून जाते. नातवंडांनी भरलेल्या घरातली, लिहिता न येणारी बाई संध्याकाळी बंद मशिनींमधून एकटी फिरत नसते, हे मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. शर्मिला, चार वर्षं मी लिहीत होते, ते तुला.’