आधीचा फोटो

"दाढी करायला कुणी सांगितली होती?" मॅडमनी विचारलं.

बेघरांना खोल्या देणाऱ्या संस्थेच्या कचेरीत म्हातारा उभा होता. त्याला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. गालावरून हात फिरवत तो म्हणाला, "हिनं करून दिली. आज खोलीची किल्ली मिळणार ना, म्हणून."

म्हातारी बाकावर बसली होती. तिला कौतुक आणि तक्रार यांतला फरक चटकन कळायचा. सगळा जन्म तिनं लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात घातला होता. गिऱ्हाईक शाबासकी द्यायला आलंय की कॉलर जळली म्हणून भांडायला, हे तिला चपलांच्या आवाजावरून समजत असे.

"अहो काका, आम्हाला दोन फोटो लागतात. एक आधीचा, एक नंतरचा. रस्त्यावर कसे होतात आणि संस्थेत आल्यावर कसे झालात. देणगी देणाऱ्यांना फरक दिसायला नको का? तुम्ही तर लग्नाला निघाल्यासारखे आलात!"

"पेन्शन घ्यायला आल्यासारखे दिसतायत," फोटोवाला कॅमेऱ्यातून बघत म्हणाला. "काही उपयोग नाही, मॅडम."

शर्ट पांढरा होता. आदल्या दिवशी बंद दुकानाच्या पायरीवर घोंगडी अंथरून, सपाट बुडाच्या पातेल्यात उकळतं पाणी घेऊन म्हातारीनं तो दाबून दाबून सरळ केला होता. पाण्यासाठी चहावाल्याची मनधरणी केली होती. बोट भाजून घेतलं होतं. पण बाहीवर घडी अशी पडली होती की कुणी दुकानातून आणला म्हणावं.

"मग आता काय करायचं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

फोटोवाल्यानं कोपऱ्यातल्या गोणीत हात घातला. लोकांनी दान म्हणून दिलेले आणि पायपुसण्यालासुद्धा न चालणारे कपडे त्यात होते. त्यानं खांद्यावर फाटलेला, तेलकट डागांचा एक शर्ट ओढून काढला. "हा घाला. आणि केस जरा विसकटा."

"हा माझा नाही," म्हातारा म्हणाला.

"माहीत आहे हो. दोन मिनिटांचं तर काम आहे."

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आम्ही कधी असे राहिलो नाही," ती म्हणाली. "पायरीवर राहिलो. पण असे नाही राहिलो."

"मावशी, उगाच राग नका मानू," मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "आधीच्या फोटोशिवाय खोली देता येत नाही, नियमच आहे तसा. तुमच्यामागे किती जण वाट बघतायत, कल्पना आहे ना?"

म्हातारा खोकला. हा खोकला पावसापासून त्याच्या छातीत घर करून बसला होता. खोकल्याला तेवढं घर मिळालं होतं. आता थंडी तोंडावर आली होती आणि आणखी एक हिवाळा पायरीवर निघणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. खोटं आहे ते. अक्कल असते, ती गिळून बसावं लागतं.

"घालतो गं मी," तो हळूच म्हणाला. "एका फोटोनं काय झिजणार आहे?"

"तुम्ही बोलूच नका!" ती फिसकारली. तिला त्याचाच जास्त राग आला. या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं असेल, तर ते फक्त तिला.

त्यानं शर्ट काढून तिच्याकडे दिला. तिनं तो मांडीवर घेतला आणि तिचे हात सवयीनं घडी घालू लागले. एवढ्या रागातही घडी चुकली नाही.

जिन्याखालची एक भिंत संस्थेनं मुद्दाम रंगवली नव्हती. सगळे आधीचे फोटो तिथेच निघत. पोपडे उडालेल्या त्या भिंतीपाशी फोटोवाल्यानं म्हाताऱ्याला उभं केलं.

"खाली बघा. आणखी खाली. आता हात जरा पुढे पसरा."

म्हातारा थबकला. पायरीवर राहून त्यानं गाड्या पुसल्या होत्या, दुकानांची शटरं उघडली होती, हात कधी पसरला नव्हता. म्हातारीकडे बघायची त्याची छाती झाली नाही. त्यानं हात पुढे केला.

"झकास!" फोटोवाला म्हणाला.

मग मॅडमनी ड्रॉवरमधून किल्ली काढून त्याच पसरलेल्या हातावर ठेवली. "चला, आता नंतरचा. तुमचा तो छान शर्ट घाला, किल्ली अशी वर धरा आणि मस्त हसा."

म्हातारा शर्ट घ्यायला बाकाशी आला. म्हातारीनं घडी केलेला शर्ट पिशवीत ठेवला आणि पिशवी छातीशी धरली.

"द्या ना, मावशी," मॅडम म्हणाल्या.

"हा नाही मिळायचा. हा आधीचा आहे."

"म्हणजे?"

"तुमच्या दारात आला तेव्हा ह्यात होता. आता अंगात आहे ते तुम्ही दिलंत. तुमच्याकडे आल्यावर माणूस कसा झाला, हेच दाखवायचंय ना त्या लोकांना? मग काढा की. नंतरचा फोटो हाच."

मॅडमचा मऊ आवाज गेला. "काका, समजवा त्यांना. नाहीतर ती किल्ली द्या इकडे." आणि त्यांनी हात पुढे केला.

म्हाताऱ्यानं त्या हाताकडे पाहिलं. मग म्हातारीकडे पाहिलं. केस विसकटलेले, खांदा उघडा, तसाच तो रंगवलेल्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. त्यानं मान वर केली आणि किल्लीवर मूठ आवळली.

"नाही देत," तो म्हणाला. "काढा फोटो."

मॅडम त्याच्या मागोमाग आल्या. त्यांचा हात अजून पुढेच होता.

फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. "मॅडम, जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. "तुमचा पसरलेला हात येतोय फोटोत."