केसाहून बारीक फट

नॉर्वेतल्या बर्गनच्या प्रयोगशाळेत मासेमार हालवार स्वतःचा कर्करोग मरताना बघायला आला होता. संशोधक सुनीवाने पडद्यावर त्याच्याच पेशी दाखवल्या: एका नळीत निरोगी, दुसरीत यकृतापर्यंत पसरलेल्या. नळ्यांवर आकडेच; कुठली कोणती, ते नियमाप्रमाणे शेवटीच सांगायचं. दोन्हींतल्या पेशी तिने काचपट्टीतल्या, केसाहून बारीक अशा शेजारशेजारच्या दोन फटींत रेटल्या. डावीकडच्या ताठ पेशी एकमेकींना धरून तोंडाशीच अडकल्या. "गाठ दगडासारखी लागते, म्हणजे याच हलकट! फोड पोरी, फोड!" हालवार गरजला. तिने दाब वाढवला. पेशी फटाफट फुटल्या. "मेल्या!" तो नाचला. उजवीकडच्या मऊ पेशी मात्र लांबट होऊन निसटल्या, गाभा फाटला तरी पळाल्या. "काका," सुनीवा पुटपुटली, "फुटल्या त्या तुमच्या चांगल्या पेशी." त्याने काचपट्टीवर मूठ हाणली. हात चिरला. तिने जखम दाबली. बोटांमधून रक्त उसळलं, आणि निसटलेल्यांच्या बहिणी त्यातच पोहत होत्या.