न गाजलेले खांबेटे

दादरच्या त्या भरल्या नाट्यगृहात गायिका वैदेही पद संपवून समेवर आली. बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” पाठोपाठ आणखी दोघं. मग सगळंच सभागृह.

पहिल्या रांगेत सुमेधाबाईंनी पदर तोंडाशी धरला. संगीतकार गंगाधर खांबेट्यांच्या या पत्नी. गंगाधरराव गेल्या वर्षी गेले, आणि त्यांच्या विस्मरणात गेलेल्या नाट्यपदांचा हा कार्यक्रम, ‘न गाजलेले खांबेटे’, गिरगावातल्या एका मंडळाने हौसेने बसवला होता. बाकीची पदं बाईंनी मान डोलावत ऐकली. खऱ्या आल्या होत्या त्या या एका पदासाठी.

एका जुन्या संगीत नाटकातल्या नायिकेचं हे निरोपाचं पद. नाटकाच्या पहिल्या प्रयोगालाही त्याला असाच वन्स मोअर मिळाला होता. गंगाधररावांनी ऑर्गनवर पुन्हा सूर धरला, नटीने पदर सावरला, आणि विंगेत ताटकळलेले नायक अभय तळवडेकर कुणाची वाट न बघता सरळ रंगमंचावर आले. संपलं. पुढच्या प्रयोगापासून ‘अंक लांबतो’ या सबबीखाली पदच गळालं. नायकापुढे संगीतकाराचं काय चालणार? पण गंगाधररावांच्या मनातून ते कधी गेलं नाही. घरी पेटीवर ते पद वाजवून झालं की हात तसेच पट्ट्यांवर ठेवून बसायचे. जणू कोणी ओरडणार होतं.

आणि आज ओरडत होते. वैदेहीने हसून ऑर्गनवाल्याकडे पाहिलं. त्याने सूर धरला.  एकदा पुरतं होऊ दे रे देवा, एवढंच सुमेधाबाईंच्या मनात आलं.

निवेदक यशोधन लगबगीने माईकपाशी आला. “रसिकहो, तुमचं प्रेम पोचलं! पण प्लीज, टाइमचं गणित सांभाळायचंय. पुढच्या प्रयोगाची मंडळी दारात उभी आहेत, आणि प्रमुख पाहुण्यांना किती ताटकळत ठेवायचं? मी मंचावर विनंती करतो, ज्येष्ठ रंगकर्मी, आपले लाडके अभयजी तळवडेकर!”

ऑर्गनचा सूर थांबला. टाळ्या थांबल्या नाहीत, त्यांनी फक्त माणूस बदलला.

सुमेधाबाईंना मंडळातल्या दोघींनी हाताला धरून मंचावर नेलं. अभयरावांनी त्यांना शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि वाकून नमस्कारही केला. मुरलेला नट. कुठे किती वाकायचं ते त्यांना कोणी शिकवायला नको.

“वहिनी, दोन शब्द बोला ना,” यशोधनने माईक पुढे केला.

“बोलायचं काही नाही मला. तेवढं पद पुन्हा म्हणू द्या तिला.”

सभागृह हळहळलं. यशोधनने छातीवर हात ठेवला. “काय बोललात वहिनी! यालाच म्हणतात प्रेम, रसिकहो!” आणि माईक अभयरावांकडे गेला.

“गंगाधर काळाच्या पुढे होता,” अभयराव म्हणाले. “आपणच करंटे. मराठी प्रेक्षकाने अशी पदं जपली नाहीत हो!” प्रेक्षकांनी निमूटपणे माना खाली घातल्या. सुमेधाबाईंनी अभयरावांकडे नीट निरखून पाहिलं. चेहऱ्यावर कसलाही अवघडलेपणा नव्हता. म्हणजे अभयराव ते सारं विसरले होते. बाईंना तेच जास्त लागलं.

तेवढ्यात मागून फर्माईश आली, “अभयजी, ते होऊन जाऊ द्या!”

‘ते’ म्हणजे वरातीचं पद, लग्नातल्या बँडवाल्यांनाही पाठ असलेलं. चाल खांबेट्यांचीच, पण लोक त्याला तळवडेकरांचं पद म्हणतात. आज ते सोडून बाकीचं सगळं ऐकवू, असं मंडळाने जाहिरातीतच छापलं होतं.

“छे छे, आज गंगाधरचा दिवस आहे,” अभयराव म्हणाले, आणि ऑर्गनवाल्याला पट्टी सांगितली.

आवाज फाटला होता, ठेका मात्र पक्का. पद संपलं आणि छप्पर उडेल असा वन्स मोअर आला. सुमेधाबाईंनी यशोधनकडे पाहिलं. तो घड्याळ बघत नव्हता. तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

अभयरावांनी पद पुन्हा उचललं. मंचावरची सगळी माणसं, अगदी वैदेहीसुद्धा, ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागली. सुमेधाबाईंच्या हातात नारळ होता. तेवढं एक बरं झालं.