सव्वापाचची नोंद

“पंधरा मिनिटांत पंधरा डिग्री?” जनावरांच्या डॉक्टरबाईंनी रजिस्टरवर बोट ठेवलं. “पाच वाजता एकोणतीस, सव्वापाचला चौदा. तेही रोज, सलग अकरा दिवस. असं खरंच होत असतं तर हे पिल्लू आज माझ्या टेबलावर पाला खात बसलं नसतं.”

पिल्लू पाला खात बसलं होतं. पाच महिन्यांचं कासव, साबणाच्या वडीएवढं. त्याला कसलीच फिकीर नव्हती. फिकीर होती ती त्याला तपासायला घेऊन आलेल्या गृहस्थांना. ते शीतगृहात सुपरवायझर होते. बटाटे किती डिग्रीला ठेवायचे आणि सफरचंदं किती डिग्रीला, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. हमाल त्यांना पाठीमागे डिग्रीसाहेब म्हणत. हे साहेबांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

लेकीने हट्ट करून कासव आणलं, त्या दिवसापासून साहेबांनी घराचंही शीतगृह करून टाकलं, फक्त उलट्या दिशेने. हॉलमध्ये काचेची पेटी. तिची एक बाजू बत्तीस डिग्री, दुसरी पंचवीस. उन्हासारखा प्रकाश देणारा दिवा, कोमट पाण्याची अंघोळ, दर रविवारी वजन. थंडी वाढली तेव्हा घरातला एकुलता एक हीटरही पेटीशेजारी आला. आणि अर्थातच रजिस्टर, पट्टीने आखलेलं. सकाळी आठची नोंद बायकोने करायची, दुपारची लेकीने शाळेतून आल्यावर. पहाटे पाचची पाळी आबांची, म्हणजे साहेबांच्या वडिलांची. “म्हाताऱ्या माणसाला झोप असते कुठे,” साहेब म्हणाले होते, जसं काही पाळी देऊन उपकारच केले.

“अहो, पोटच्या पोरीचा ताप कधी मोजला नाहीत इतक्या वेळा,” बायको म्हणाली होती. साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. ते रजिस्टरमध्ये नव्हतं.

रात्री नऊला साहेब स्वतः शेवटची नोंद करत आणि पानाच्या तळाशी ‘पाहिले’ लिहून सही ठोकत. कामावर अशा चाळीस सह्या व्हायच्या. हाताला आता डोळ्यांची गरज उरली नव्हती.

“ही खाली सही कुणाची?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“माझी.”

“मग तुम्ही पाहिलं असेलच.”

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. पण पडलो तरी नाक वर. “दार उघडं राहतंय कुणाकडून तरी,” ते म्हणाले. शीतगृहात डिग्री अशी अचानक हलली की कारण एकच असतं, कुणीतरी दार उघडं टाकलेलं असतं. तीस वर्षांत हा नियम कधी चुकला नव्हता.

“वजन वाढलंय, डोळे स्वच्छ आहेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मला काही हे खरं वाटत नाही. पण पेटी खरोखर चौदावर जात असेल, तर एवढ्याशा जिवाला न्यूमोनिया व्हायला वेळ लागणार नाही. घरी जाऊन आधी शोधून काढा.”

साहेबांनी गाडीतच शोधून काढलं. पाळी आबांची. आबांना पहिल्यापासून मोकळ्या हवेची हौस. पहाटे उठून पेटीशेजारची खिडकी सताड उघडत असणार आणि इमानदारीत आकडाही लिहीत असणार. कासव मेलं तर लेकीला तोंड कसं दाखवायचं, या विचाराने साहेबांनी गाडीचा वेग वाढवला. तरी आत कुठेतरी बरंही वाटत होतं. चूक सापडावी आणि ती दुसऱ्याची निघावी, याहून मोठं सुख सुपरवायझरच्या नशिबात नसतं. उद्यापासून आबांची पाळी बंद, हे त्यांनी वळणावरच नक्की केलं.

घरी पोचल्यावर त्यांनी आधी पिल्लू दिव्याखाली ठेवलं. मग बूटही न काढता ते स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेले. या खोलीत त्यांचं बऱ्याच दिवसांत येणं झालं नव्हतं. काम पडलं नव्हतं. आबा पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसले होते. अंगात स्वेटर, त्यावर शाल, शालीवर घोंगडी.

“आबा, सव्वापाचला कुठली खिडकी उघडता तुम्ही?”

“कुठलीच नाही.”

“मग पेटी चौदावर येते कशी?”

“पेटी कशाला येईल चौदावर? एकोणतीसला असते की. मी चष्मा लावून बघतो.” आबांनी घोंगडी जरा वर ओढली. “चौदा या खोलीचे. पेटीचं झालं की थर्मामीटर इथे आणतो, पाव तास ठेवतो आणि लिहितो.”

साहेबांना लाज वाटली. आणि लाज वाटली की ते आवाज चढवत. “मग रजिस्टरमध्ये कशाला? मला सरळ सांगायचं ना!”

“हीटर नेलास तेव्हा सांगितलं होतं. बघू म्हणालास.” आबांच्या आवाजात तक्रार नव्हती. “लिहिलेलं तू बघतोस, म्हणून लिहायला लागलो. रोज पहाटे आदल्या दिवसाचं पान उघडून पाहायचो. खाली तुझी सही असायची.”

“आबा, सही म्हणजे...”

“मला वाटलं, तू वाचलंस आणि चौदा चालतील असं ठरवलंस.”